एका दुपारी तीन घरी जेवलो

आधीच सांगून ठेवतो, हसायचं नाही. आयुष्यात एकदाच माझ्यावर चोरीचा आळ आला, आणि तोही जिलबीचा!

सोनईच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायला लागलो होतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं, गावात एसटीडी बूथचं कोण अप्रूप! मी एकटा जीव, खोली भाड्याची, नोकरी अजून कच्ची. गाव मात्र असं प्रेमळ, की आज या घरी जेवायला बोलावणं, उद्या त्या घरी. मीही कधी 'पुरे' म्हणालो नाही.

त्या आठवड्यात नववीला 'अलिबाय' हा शब्द रंगवून शिकवला. मूळ लॅटिन, अर्थ साधा, 'दुसरीकडे'. गुन्हा घडला तेव्हा आरोपी दुसरीकडे होता, हे साक्षीदारानं सांगायचं. इंग्रजी रहस्यकथा तर यावरच उभ्या! "अलिबाय मिळाला की माणूस सुटला," मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. पोरांनी ते घरोघर पोचवलं.

आणि रविवारी भरदुपारी शाळेतून स्नेहसंमेलनाची परातभर जिलबी गायब! संशय कुणावर? खाण्यासाठी गावात प्रसिद्ध कोण? संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष तात्या यांनी मला ऑफिसात बोलावलं. बातमी तोवर गावभर झालेली.

"सर, दुपारी कुठं हुता?"

"खोलीवर. झोपलो होतो."

"कुणी पाह्यलं?"

झोपलेल्या माणसाला कोण बघत बसणार हो? नोकरी गेलीच म्हणून समजलो. तेवढ्यात एका विद्यार्थिनीची आई, सुमनताई, धापा टाकत आत आल्या.

"तात्या, सर दुपारी आमच्याकडं जेवत हुते. पुरनपोळी केल्ती."

मी गहिवरलो. तोच मागून रामभाऊ शिंपी ओरडले, "आवं, सर तर माझ्याकडं हुते! मटन हुतं!"

"न्हाई, न्हाई!" हौसाआजी काठी आपटत घुसल्या. "आमच्याकडं पिठलं-भाकरी खाल्ली त्यांनी. लई आवडीनं!"

साक्षीदारांनी आधी आपसात बोलून घ्यायचं असतं, हे मी शिकवलंच नव्हतं!

तात्या मिशीत हसले. "तीन घरी जेवलेला मानूस जिलबी खाईल कुठनं? सुटले सर! घ्या, तोंड गोड करा." उरलेल्या जिलबीचं ताट माझ्यापुढं आलं.

खरं सांगू? मी सकाळपासून उपाशी होतो. त्यात ही माणसं माझ्यासाठी खोटं बोलायला धावत आलेली. इतकी माया मला कुणी लावली नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालू होता. भान आलं तेव्हा ताट रिकामं आणि सगळे माझ्याकडं टकामका बघतायत!

हौसाआजींनी कपाळावर हात मारला.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "ज्याच्यासाठी तीन घरं खोटं बोलत्यात, त्याला काढून मी गावात तोंड कुठं दाखवू?"

नोकरी पक्की झाली. जिलबी तात्यांच्याच मेव्हण्यानं बँडवाल्यांना वाढली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण ते पटणार कुणाला? मला ताट रिकामं करताना सगळ्यांनी पाहिलेलं!

पुढच्या संमेलनाला जिलबी आली, तशी सुमनताईंनी मला हाताला धरून घरी नेलं आणि पोटभर जेवायला घातलं.

"खावा सर," त्या म्हणाल्या. "औंदा खोटं बोलायची येळ आनू नका."