आरती म्हणणारी लिफ्ट

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नालासोपाऱ्यातल्या एका सात मजली इमारतीच्या लिफ्टचं कंट्रोल कार्ड आम्ही वसईच्या गाळ्यात बनवलं. मी वायरिंग करायचो, भागीदार प्रोग्रॅम लिहायचा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मजला आला की नुसतं टिंग काय वाजवता? आरतीची धून लावा."

भागीदाराने लावली. इंटरप्टमध्ये लावली.

इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरच्या दारावरची बेल. प्रत्येक मजल्यावरचा सेन्सर ती वाजवतो. प्रोसेसरने हातातलं काम टाकून उठायचं, मजला मोजायचा आणि लगेच परत फिरायचं. आमचा दारातच उभा राहून आरती म्हणू लागला, पुढची बेल त्याला ऐकूच येईना. गाळ्यात हे कळलं नाही, कारण टेबलावर सेन्सरऐवजी बटण होतं आणि भागीदार धून संपल्याशिवाय ते पुन्हा दाबत नव्हता. आरती मध्येच तोडायची कशी?

खाली नारळ फुटला. पहिला मान सेक्रेटरींच्या आईचा, सोबत मी. सेक्रेटरी हार घेऊन सातव्यावर.

जाळीच्या दारातून मजले मागे पडत होते. चौथा गेला, आकडा दोनच. पाचवा गेला तरी दोन.

"छान वाजतंय हो," आजी म्हणाल्या.

मी लिफ्ट थांबवायचं लाल बटण दाबलं. तेही प्रोसेसरनेच ऐकायचं होतं, आणि तो गात होता. सातव्यावर सेक्रेटरींच्या चपला दिसल्या, मग हार, मग हसरा चेहरा. तो चेहरा खाली जाऊ लागला.

"अहो, थांबवा की," चेहरा म्हणाला.

आजींनी माझं मनगट धरलं. "वर काय आहे रे?"

"गच्ची," मी म्हणालो. वर मोटरचं लोखंडी चाक होतं.

खाडकन हिसका बसला. लिफ्टच्या वाटेच्या वरच्या टोकाला असलेला शेवटचा स्विच प्रोसेसरला न विचारता मोटरची वीज तोडतो, त्याने तोडली. आम्ही लटकलो. धून चालूच.

हाताने चाक फिरवून आम्हाला सातव्यावर उतरवलं. दुपारभर बसून भागीदाराने इंटरप्टमध्ये फक्त मोजणी ठेवली, गाणं बाहेर काढलं. लाल बटण मी थेट मोटरच्या विजेला जोडलं. मग त्याला एकट्याला खालून बसवलं. तो मोठ्याने मजले मोजत आला, दर मजल्याला आवाज आणखी चिरकत. लिफ्ट बरोबर सातव्यावर थांबली.

"या आजी," तो घाम पुसत म्हणाला, "आता काही भीती नाही."

"तुझा आवाज ऐकला मी," असं म्हणत आजींनी पदर खोचला आणि त्या जिन्याकडे वळल्या. माझं मनगट पुन्हा त्यांच्याच हातात होतं, म्हणून मीही निघालो.