एका घरात एक जेम्स

आमच्या मजल्यावरच्या संजीवनी देवस्थळींनी जेम्स नावाच्या पाच माणसांना अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून काढलं, तेव्हा त्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरी झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि जॉन मंडळींकडे मोर्चा वळवला. मी वाटीत विरजण मागायला गेले होते. हे २०११ सालचं. आमच्या या परदेशी शहरातल्या सेम्बावांगच्या त्या ब्लॉकमध्ये राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर ऑडिटच्या फायली उपसून आलेली मी, आणि समोर पंचावन्नच्या आसपासची एक बाई लाकडी फूटपट्टीवर अंगठा टेकवून म्हणतेय, हा गेला, हाही गेला. मला वाटलं, शेजार चांगलाच मिळालेला दिसतोय.

ती फूटपट्टी त्यांच्या यजमानांनी आणलेली. चंद्रशेखर देवस्थळी जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर होते. १९९८ च्या सुमारास एका अमेरिकन जहाजाचं काम निघालं होतं, तेव्हा तिथल्या एका खलाशानं जाताना त्यांच्या हातात ही भेट ठेवली. पुढच्या बाजूला इंच आणि मागे वॉशिंग्टनपासून क्लिंटनपर्यंत सगळे अध्यक्ष, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यांचा मुलगा नील तेव्हा शाळेत होता, पण त्याला सेंटिमीटर लागायचे, इंचांचं त्याला काय. म्हणून पट्टी त्याच्या आईकडे राहिली. मिरजेत इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई, मुलं शाळेत, नवरा यार्डात, आणि सेम्बावांगची लायब्ररी दहा मिनिटांवर. त्यांनी पट्टीवरची एकेक नाव धरून पुस्तकं आणायला सुरुवात केली आणि मग स्वतःचा एक खेळ काढला.

खेळाचा नियम एकच. एकदा येऊन गेलेलं नाव पुन्हा येता कामा नये. पहिला जेम्स मॅडिसन, तो बसला, ठीक. त्याच्यामागून आलेला जेम्स मन्रो बाद. मग त्या निवडणुकीत जो पडला होता, त्याला खुर्ची द्यायची आणि पुढे काय झालं असतं ते वहीत लिहायचं. मन्रोच्या जागी आला रूफस किंग. गुलामगिरीच्या विरोधात बोलणारा हा माणूस १८१७ मध्येच अध्यक्ष झाला असता तर, असं म्हणून त्यांनी अकरा पानं लिहिली होती. पुढचा जेम्स पोक काढून त्यांनी हेन्री क्लेला बसवलं, मग मेक्सिकोशी लढाईच झाली नाही आणि कॅलिफोर्निया मेक्सिकोतच राहिला. नील पुढे शहराच्या वन-नॉर्थ भागात एका कॅलिफोर्नियाच्या कंपनीत लागला, तेव्हा संजीवनीताई त्याला सांगायच्या की माझ्या वहीप्रमाणे तुला साहेबांशी स्पॅनिशमध्ये बोलावं लागलं असतं.

मी हिशेबनीस आहे, नियमातल्या फटी शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे विरजण बाजूला राहिलं आणि मी शनिवारच्या शनिवार त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. ग्रोव्हर क्लीव्हलँड पट्टीवर दोनदा आहे, त्याचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, तो तोच माणूस आहे, मध्ये चार वर्षं माहेरी जाऊन आला. दोन्ही उमेदवारांची नावं आधीच येऊन गेलेली असतील तर? तेव्हा त्यांनी वही उघडून विल्यम दाखवले. १८४१ मध्ये विल्यम हॅरिसन अध्यक्ष झाला आणि महिनाभरात वारला. पण तेवढ्यात त्यानं नाव अडवलं ते अडवलंच. पंचावन्न वर्षांनी विल्यम विरुद्ध विल्यम अशी निवडणूक झाली, एकदा नव्हे, तीनदा. तिथे संजीवनीताईंनी पानं कोरी ठेवली होती. वर फक्त लिहिलं होतं, खुर्ची रिकामी.

"एक महिना राहिला आणि सगळ्यांची वाट लावून गेला," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. इतरवेळी माझ्या असल्या बोलण्यावर हसायच्या.

हा असला नियम कशाला, हे मी त्यांना पाच वर्षांत दहा वेळा तरी विचारलं असेल. मला खरंच कुतूहल होतं. जगात इतके नियम असताना ही बाई नावांच्याच का मागे लागली? त्यांचं उत्तर ठरलेलं. एका घरात एक नाव. व्हाइट हाऊस झालं म्हणून काय झालं, शेवटी घरच ना. आणि मग विषय बदलून, तुला साबुदाण्याची खिचडी देऊ का. मी खिचडी खायचे आणि गप्प बसायचे, कारण खिचडी उत्तम असायची.

२०१६ मध्ये नीलचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, पाया लेबारला एका बँकेत कामाला, तीन वर्षं इथे एम्प्लॉयमेंट पासवर. हुशार, कमी बोलणारी, ऐकताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघणारी. सगळं जुळून आलं होतं, एक गोष्ट सोडून. तिचं नाव अवनी. आणि देवस्थळींच्या घरात आधीच एक अवनी होती, नीलची धाकटी बहीण, चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली.

चंद्रशेखररावांनी लगेच पद्धत काढली. लग्नानंतर घरी लक्ष्मीपूजन होतं, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आजकाल बरेच जण आहे तेच नाव लिहितात, पण आपल्याकडे आयतंच कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. लेक अवनीला यात काही वावगंच दिसत नव्हतं, म्हणजे दोघींचं एक नाव असण्यात. सून अवनी म्हणाली, घरातल्यांना बरं वाटत असेल तर चालेल, पासपोर्टवर तर अवनीच राहणार. हे ती म्हणाली खरी, पण म्हणताना हातातल्या कपाकडे बघत होती. मला तिचा कप आणि देवस्थळींची पद्धत, दोन्हींचा राग आला.

आणि सगळ्यात जास्त राग आला संजीवनीताईंचा. मला वाटलं होतं, त्या नवऱ्याला गप्प करतील. त्यांनी उलट नाव शोधून ठेवलं होतं. मैत्रेयी. "नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या, आणि वर मलाच विचारलं, चांगलं आहे की नाही. मी म्हटलं, नाव चांगलं आहे, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्या दिवशी मी खिचडी न खाता घरी आले.

होणारी सून मात्र शनिवारी येत राहिली. तिला त्या वहीचं वेड लागलं. दोन शनिवार बसून तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती वाचली. तिसऱ्या शनिवारी मी तिथे होते. तिनं वही मिटली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "काकू, ज्यांना तुम्ही काढलंत, त्यांचं पुढे काय झालं?"

"कुणाचं?"

"मन्रोचं. पोकचं. नवा माणूस आल्यावर काय झालं ते सगळं तुम्ही लिहिलंय. पण जो गेला, तो घरी जाऊन काय करत होता, हे कुठेच नाही. त्याचं नाव तर जेम्सच राहिलं असेल ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला असावा. संजीवनीताई म्हणाल्या, बघायला पाहिजे. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. पाच वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या होत्या, एरवी मीच जायचे. कॉफी नको म्हणाल्या. खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं की त्यांचं नाव संजीवनी नाही. म्हणजे आहे, कागदोपत्री सगळीकडे आहे, कारण पासपोर्ट लग्नानंतर काढला. पण मिरजेत त्या स्मिता केतकर होत्या. १९७८ मध्ये देवस्थळींच्या घरात आल्या, तर तिथे नणंदेचं नाव स्मिता. एका घरात दोन स्मिता कशा चालणार? कुणी दुष्टपणानं केलं नाही, कुणी विचारलंही नाही. तांदळात संजीवनी लिहिलं आणि सगळे जेवायला बसले.

मी जरा गोंधळले. त्यांना नणंद एकच, पुण्याच्या वन्सं, दर रविवारी फोन करणाऱ्या. पण त्यांचं नाव तर साधना होतं.

"ते तिच्या सासरचं," संजीवनीताई म्हणाल्या. "माझ्या लग्नानंतर आठ महिन्यांनी तिचं लग्न झालं. तिची सासू म्हणाली, आमच्याकडे स्मिता चालत नाही, आमच्या थोरल्या जावेचं ते माहेरचं नाव. तिचंही बदललं."

म्हणजे आठ महिने. आठ महिन्यांसाठी एका बाईचं नाव गेलं, आणि ज्या दुसरीसाठी गेलं तिच्याकडेही ते राहिलं नाही. त्यानंतर त्या घरात स्मिता म्हणून हाक मारल्यावर ओ देणारं कुणीच नव्हतं. मला तो महिनाभराचा विल्यम हॅरिसन आठवला, आणि वहीतली कोरी पानं आठवली, आणि मी तेव्हा मारलेल्या विनोदाची मला लाज वाटली.

मग सुनेचं नाव बदलायला तुम्ही कशा तयार झालात, असं मी विचारलं. चिडूनच विचारलं. त्या माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसल्या.

"तो नियम उगाच होता असं आता म्हटलं, तर मग माझं नाव कशासाठी गेलं गं, चैत्राली?"

मी कॉफी केली आणि ती त्यांनी प्यायली.

लग्न डिसेंबरात झालं, कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. संध्याकाळी घरची मंडळी सेम्बावांगला आली, सुनेनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, गुरुजींनी पूजा मांडली. पुण्याच्या वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना येता आलं नव्हतं. लेक अवनीनं टॅब्लेटवर त्यांना व्हिडिओ कॉल लावून तो सोफ्यावर उशीला टेकवून ठेवला होता. त्यांना तिथून बहुतेक सगळ्यांच्या पाठीच दिसत असाव्यात.

ताट आलं. संजीवनीताईंनी स्वतः तळहातानं तांदूळ सारखे केले. नीलनं अंगठी काढली. चंद्रशेखरराव म्हणाले, "मैत्रेयी. म-ला दोन मात्रा, नीट लिही." ते नीलच्या मराठीकडे बघून म्हणत होते आणि त्यात तथ्यही होतं.

संजीवनीताईंनी ताटावर हात ठेवला.

"अवनी लिही," त्या म्हणाल्या.

चंद्रशेखररावांना वाटलं, त्या विसरल्या. त्यांनी हळूच आठवण करून दिली की ठरलं आहे, आणि घोटाळा होईल, एकीला हाक मारली की दोघी येतील.

"येऊ देत दोघी," त्या म्हणाल्या. "तुम्ही अशाच ताटात माझं नाव लिहिलं होतंत. मी तेव्हा काही बोलले नाही. मला माझं नाव आवडायचं हो. फार आवडायचं."

चंद्रशेखररावांनी बायकोकडे बघितलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट कळलं की अडतीस वर्षांत हा विचार या सज्जन माणसाच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं. वाटायलाच हवं होतं. लेक अवनी सोफ्याच्या हातावर बसली होती, ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "टू ऑल्सो कॅन, लाह," म्हणजे दोघीही चालतील. नीलनं खाली बघून अंगठीनं लिहिलं, अ, व, नी. सुनेनं इतका वेळ मान खाली घातली होती, ती आता वर केली.

"वहिनी, काय चाललंय तिकडे?" उशीवरून वन्संचा आवाज आला. "मला काही दिसत नाहीये. कुठलं नाव ठेवलंत?"

संजीवनीताई उठल्या. शालू सावरत टॅब्लेटपाशी गेल्या आणि वाकून पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं, म्हाताऱ्या माणसांना फोनवर बोलताना न्यायची सवय असते तसं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मी स्मिता बोलतेय."

मला वाटलं, नेट गेलं. लेक अवनीही टॅब्लेट बघायला वाकली.

"बोल गं," वन्सं म्हणाल्या. "इकडेही स्मिताच आहे."