पाण्याखालची सडक

माझे काका बरगीकडच्या एका गावात शाळामास्तर होते, तेव्हा त्यांची पहिली मुलगी तापानं गेली. दात न आलेल्या लेकराला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. काकांनी तिला सडकेच्या कडेला, मैलाच्या दगडामागे ठेवलं. जबलपूरची बस रोज इथून जाते, पोर एकटी पडणार नाही, अशी त्यांनी काकूची समजूत काढली. पुढे धरण भरलं आणि गाव, सडक, दगड सगळंच पाण्याखाली गेलं.

आता जबलपूर-नागपूर चौपदरी रस्ता झालाय. नागपूर कसं झटक्यात येतं म्हणून सगळे खूश. मला तो रस्ता आवडत नाही, कारण त्यावरून जाताना काकू चकार शब्द काढत नाही. काका गेल्यापासून दर उन्हाळ्यात, पाणी उतरलं की मी तिला गाडीनं धरणाकाठी नेतो. जुनी सडक पाण्यातून डांबरासकट वर येते, थोडं अंतर जाते आणि पुन्हा पाण्यात शिरते. दगड मात्र कधी दिसला नव्हता. "खाली बस येत असन का रे अजून?" काकूनं एकदा विचारलं.

यंदा पाणी फारच आटलं. दगड दिसला, गाळात अर्धा रुतलेला, अक्षरं पुसलेली. काकू त्याच्यामागे गेली आणि थबकली. तिथं टरबुजाचे वेल पसरले होते. पाणी हटलं की काठचे लोक गाळात पेरतात, हे मला माहीत होतं. नेमकं इथं पेरतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझं टाळकं सरकलं. वेलांतून एक बाई उठून आली, तिला मी काही सुनावणार तोच काकूनं माझा हात दाबला.

"काहून भांडून राहिला? तिला काय माहीत?"

बाईनं एक लहानसं टरबूज तोडून पुढे केलं. "ले जाओ अम्मा, इत्ती धूप में आई हो."

काकूनं ते दोन्ही हातांनी घेतलं. गाडीत मी म्हणालो, दे, मागे ठेवतो. तिनं दिलं नाही. मांडीवर घेऊन त्यावर पदर ओढला. चौपदरी रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला, तेव्हा ती पहिल्यांदाच बोलली.

"हळू चालव रे."