आतला खिसा

पोलीस ठाण्यासमोर ज्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी कधी कोणाला काही शिकवलं नव्हतं. समोर जे चालतं ते न पाहण्याचं शिक्षण मात्र त्यांनी स्वतः घेतलं होतं. मान वर करायची ती गिऱ्हाइकाच्या कॉलरपर्यंत.

वर्दी शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या वर्दीला एक आतला खिसा असे. शर्टाच्या डाव्या बाजूला, काखेखाली, बाहेरून टाकासुद्धा दिसू नये असा. नियमात हा खिसा नव्हता. कधीकाळी एका साहेबाने मागितला, मग दुसऱ्याने, आणि पुढे मागायची गरजच उरली नाही. त्यात काय जातं हे मास्तरांनी विचारलं नाही. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

मग सिनेमावाले आले. लाचखोर फौजदाराची गोष्ट होती आणि नटाला अस्सल वर्दी हवी होती. मास्तरांनी शिवून दिली. हाताच्या सवयीने आतला खिसाही लावला. नटाला तो सापडला, दिग्दर्शकाने त्यावर अख्खा प्रसंग बेतला, आणि जाहिरातीत सगळ्या गावाने पाहिलं: फौजदार शर्टाचं बटण काढतो, पाकीट आत सरकवतो, कॅमेरा मुंगीच्या पावलाने खिशापाशी जातो.

खात्याने दावा लावला. असा खिसा कुठल्याच वर्दीला नसतो, ही निव्वळ बदनामी आहे. प्रदर्शन अडलं. पोस्टरवर ‘लवकरच’ची पट्टी लागली, मग त्या पट्टीवर आणखी एक. शेवटी न्यायाधीशांनी खिसा शिवणाऱ्यालाच बोलावलं.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला खिसा लावायला?” काजं करता करता बायको म्हणाली.

“कोणी नाही गं. हातानेच लावला.”

“मग हातालाच पाठवा कोर्टात.”

कोर्ट वर्द्या तपासणार अशी कुणकुण ठाण्याला लागली होती. मागच्या दाराने शर्ट येऊ लागले. “मास्तर, जरा तेवढं उसवून द्या.” सुनावणीच्या आदल्या दिवशी ठाण्याचे मोठे साहेब आले. अंगातला शर्ट काढून दिला आणि बनियनवर स्टुलावर बसले.

“खिसा सिनेमावाल्यांच्या डोक्यातला. त्यांनी सांगितलं, तुम्ही शिवला. एवढंच बोलायचं. कळलं ना?”

“आणि वेगळं काही बोलले तर?” बायकोने विचारलं.

साहेबांनी छताकडे पाहिलं. “वहिनी, वायर फार जुनी झालीय हो तुमची. आणि चारी बाजूंनी कापड. अशी दुकानं पेटतात ना, बंब येईपर्यंत काही उरत नाही.”

साहेबांच्या बनियनला भोक होतं, धमकीला नव्हतं. मास्तरांच्या हातातलं ब्लेड टाका सोडून बोटात शिरलं. रक्त कापडाला लागू नये म्हणून त्यांनी बोट तोंडात धरलं आणि तसंच राहिलेलं उसवलं.

“सांगून टाका ते म्हणतात तसं,” साहेब गेल्यावर बायको म्हणाली. “सिनेमा काय आपल्या काकाचा आहे?”

नव्हताच. मास्तरांनी वाक्य पाठ केलं.

कोर्टात आधी साहेबांची साक्ष झाली. असा खिसा आपण जन्मात पाहिलेला नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. कारकुनाने त्यांचं ओळखपत्र परत दिलं. साहेबांनी एका हाताने बटण काढलं आणि ओळखपत्र न बघता आत, डावीकडे सरकवलं. खिसा नव्हता. ओळखपत्र घसरत पोटावरून खाली गेलं ते पट्ट्यापाशी अडकलं. साहेबांनी बाहेरून चाचपलं. मग आणखी खाली चाचपलं.

“काय शोधताय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“काही नाही.”

न्यायाधीश पिंजऱ्याशेजारी उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळले. “तुम्ही सांगा. काय शोधतायत हे?”

पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मास्तरांना दुकानाचं छत दिसलं, त्यावरची वायर दिसली. साहेब त्यांच्याकडे एकटक बघत होते, हात अजून शर्टात. मास्तरांनी बाकावरच्या बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले आणि मान हलवली, हो की नाही ते देव जाणे.

“खिसा, जजसाहेब,” मास्तर म्हणाले. “कालच उसवलाय मी.”

त्याच दुपारी बायकोने दुकानातली सगळी वायर बदलून घेतली.

पुढच्या आठवड्यात सिनेमा लागला. बंदोबस्ताला समोरचंच ठाणं होतं. मास्तर बघायला गेले नाहीत. दुकानाच्या दारात पाण्याची बादली भरून ठेवून शेजारी बसून राहिले. रस्त्यात गाडी थांबली की हात बादलीच्या कडीवर जाई. ठाण्यातलं एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

संध्याकाळी समोरून एक हवालदार रस्ता ओलांडून आला. काखेत काहीतरी होतं. मास्तर उभे राहिले. हवालदाराने बादलीकडे पाहिलं, मागे वळून ठाण्याकडे पाहिलं, आणि वर्दीचं नवं कापड टेबलावर ठेवलं.

“मोठ्या साहेबांचं आहे,” तो हळूच म्हणाला. “आतला खिसा या वेळी उजवीकडे लावा म्हणालेत.”

मास्तरांनी कापड ठेवून घेतलं. बादली मात्र हलवली नाही.