मारुतीपासून सातवं दुकान

ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले निम्मे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण ज्या प्रकरणात गुन्हाच नव्हता, त्यातलं मिनिट न् मिनिट लक्षात आहे. कारण त्यात चूक माझी होती.

निवृत्तीला सहा महिने उरले होते. पेठेतल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. दुपारी अडीचच्या सुमारास ठाणे अंमलदाराने चाळिशीच्या एका माणसाला माझ्यासमोर आणून उभं केलं. राहायला वारज्याला, नोकरी खराडीला, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. त्याचे वडील सकाळी अकरापासून बेपत्ता होते. वय एक्याऐंशी, विसरभोळेपणा वाढत चाललेला. साडेदहाला त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि त्यावर न जेवताच घर सोडलं होतं.

खरं तर हद्द आमची नव्हती. पण वडिलांचं सगळं आयुष्य आमच्या हद्दीत गेलेलं, म्हणून मुलगा इकडे धावला होता. मिसिंग दाखल करून घेतली, फोटो बिनतारीवर आणि मोबाइलवर सगळीकडे पाठवला. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी आहेत ना? मग साखर उतरणारच. संध्याकाळची वाट बघू नका."

फोटो पाहिल्यावर मी म्हाताऱ्याला ओळखलं. सायकलवाले अण्णा. मी फौजदार म्हणून याच ठाण्यात पहिल्यांदा आलो, तेव्हा मारुतीच्या देवळाशेजारच्या गल्लीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ती गल्ली आता नाही. आधी तिथे पत्रे ठोकले गेले, मग माती तपासायला भोकं पाडली, आजूबाजूच्या जुन्या भिंतींना तडे जातात का हे बघायला यंत्रं चिकटवली. माणसं सामान घेऊन वारज्याला, कर्वेनगरला, मिळेल तिथे गेली. मग वरून सरळ खाली खणत गेले आणि गल्लीच्या जागी भुयारी मेट्रोचं स्थानक उभं राहिलं. खणताना मी दोन वर्षं तिथे बंदोबस्त केला आहे. किती खोल गेले, हे मला रोजच्या धुळीच्या बदलत्या रंगावरून कळायचं.

मुलाला मी समोर बसवलं. "घरात काही वाद?"

"नाही साहेब. काहीच नाही."

तोवर आमच्या हवालदार बाईंनी सोसायटीत फोन करून शेजाऱ्यांना विचारलं होतं. सकाळी चांगलीच वादावादी झालेली. पोलिसाला खोटं बोलणारा माणूस दिसला की त्याला दुसरं काही दिसत नाही. मी दार लावून घेतलं.

साडेतीनला फोन आला. देवळापाशी फुलं विकणाऱ्या मावशी बोलत होत्या. फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. "अण्णाच ते. बाराच्या पुढं आले, मारुतीला हात जोडले आन् मेट्रोचा जिना उतरले. मी हाक मारली तर म्हणतात, घाई हाय, दुकान उघडायचंय. वर न्हाई आले अजून."

हवालदार बाईंना दोन शिपाई देऊन लगेच पाठवलं. स्थानकाची रचना सोपी आहे. जिन्याने उतरलं की पहिल्या मजल्यावर मोठं दालन, तिथे तिकीट न काढताही फिरता येतं. एका बाजूला तिकीट खिडकी, पलीकडे लिफ्ट, लिफ्टच्या मागे वळणावर पुढेमागे दुकानांना द्यायचे रिकामे गाळे. त्यांच्याजवळूनच बाहेर पडायचा दुसरा जिना. गाड्या आणखी एक मजला खाली. कॅमेऱ्यात अण्णा लिफ्टच्या मागे जाताना दिसले. त्या वळणावर कॅमेरा नव्हता. दुसऱ्या जिन्यावरच्या कॅमेऱ्यात त्याच वेळी सहलीला आलेली अख्खी शाळा वर चढत होती, त्यात कोण आहे कोण नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

चारला दहा मिनिटं असताना बाईंचा निरोप आला. "सगळं बघितलं साहेब. फलाट, स्वच्छतागृहं, जिने. बंद दारं ठोठावली. निरंक."

निरंक, म्हणजे काहीही आढळलं नाही, हा आमच्या खात्याचा लाडका शब्द. तो लिहिला की कागद पुढे सरकतो. मीही तो डायरीत घेतला, अण्णा शाळेच्या गर्दीतून बाहेर पडले असं ठरवून टाकलं, आणि परत मुलाकडे वळलो. बाहेर पडले, तर त्यांना गाठलं कुणी? माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. पाऊण तास मी त्याला सोडलं नाही. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्याच्या घड्याळाकडे बघण्याचाही मी उलटा अर्थ काढला.

शेवटी तो रडायलाच लागला. "हो, मी भांडलो. रोज तेच, साहेब. रोज चपला घालून दारात उभे, दुकान उघडायचंय म्हणून. मला ऑफिसला उशीर होत होता. मी म्हणालो, अण्णा, तुमचं दुकान आता जमिनीखाली गेलंय, विश्वास नसेल तर जा, बघून या. मीच पाठवलं त्यांना. हे कुणाला कसं सांगू?"

त्याने लपवलं होतं ते एवढंच, आणि मला पहिल्या पाच मिनिटांत हवं होतं तेही एवढंच. अण्णा भरकटलेले नव्हते. पत्ता ठरवून निघाले होते.

"दुकान नेमकं कुठे होतं?"

"मारुतीपासून डाव्या हाताला सातवं."

मुलाला आणि तोवर परतलेल्या हवालदार बाईंना घेऊन मी देवळापाशी आलो, तेव्हा पाच वाजायला आले होते. मी देवळाला पाठ लावली आणि मुलाला जुन्या गल्लीतून चालल्यासारखं चालायला सांगितलं. जिना गल्लीच्याच दिशेने उतरत होता. पहिली तीन दुकानं जिन्यातच संपली. उरलेली तो खाली दालनात मोजत गेला. तिकीट खिडकी गेली, लिफ्ट गेली, वळण आलं. तो थांबला. समोर डाव्या हाताला रिकाम्या गाळ्याचं लोखंडी शटर होतं, अगदी पेठेतल्या दुकानाला असतं तसं. बाहेरून कुलूप.

"हे मी ठोठावलं होतं साहेब," हवालदार बाई म्हणाल्या. "दोनदा. आतून आवाज नाही, आणि कुलूप बाहेरून."

मुलगा त्यांच्याकडे वळला. "किती वाजता ठोठावलंत?"

"पावणेचारला."

"मग कसे उघडतील? एक ते चार अण्णा शटर आतून ओढून झोपायचे. चाळीस वर्षं. गिऱ्हाईकाने कितीही बडवलं तरी ओ द्यायचे नाहीत."

किल्ली तिथल्या सुरक्षारक्षकाकडे होती. विदर्भातून आलेला, नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले. "बंदच राह्यते जी हे. मी नाही उघडलो," तो म्हणाला. पण किल्ली काढताना तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. या वेळी मी आवाज चढवला नाही. "आत एक म्हातारा माणूस असेल," मी म्हणालो. "तुझं काय चुकलं ते मला नंतर सांग. आधी उघड."

कुलूप काढता काढताच तो बोलून गेला. रोज तो गाळ्यात बसून डबा खायचा. नियमात बसत नव्हतं, पण बसायला दुसरी जागा नव्हती. त्या दिवशी एकच्या आधी शटर अर्धं उघडं टाकून हात धुवायला गेला. "वापस आलो तं शटर खाली. आमच्या साहेबानं लावलं असंन म्हणून गुपचूप कुलूप मारलो जी. नोकरी जाईन म्हणून बोललो नाही."

शटर वर गेलं. चपला आत कडेला जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. भिंतीशी पुठ्ठ्याच्या खोक्यावर अण्णा कुशीवर पडले होते, टोपी उशाला. सदरा घामाने चिंब, अंग गार. मुलगा हाका मारत होता आणि उत्तर येत नव्हतं. तिकीट खिडकीतून कुणीतरी साखर आणली, हवालदार बाईंनी ती बोटाने त्यांच्या गालाच्या आत चोळली. रुग्णवाहिका निघाली होती. ती येईपर्यंतची सात-आठ मिनिटं मी त्या गाळ्याच्या तोंडाशी नुसता उभा होतो. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. डायरीत माझ्या हाताने निरंक लिहिलेलं होतं.

पापण्या हलल्या. अण्णांनी डोळे किलकिले करून मुलाकडे नाही, माझ्या खाकी गणवेशाकडे पाहिलं.

"बंद आहे," ते म्हणाले. "चारला या."

हवालदार बाई हसल्या आणि लगेच डोळे पुसू लागल्या. दोन दिवसांनी दवाखान्यात मी अण्णांना विचारलं, ठोठावलेलं ऐकू आलं नव्हतं का? "आलं की. पण चार कुठे वाजले होते?"

रक्षकाची नोकरी जाऊ नये म्हणून मी लेखी शिफारस केली. डायरीतली नोंद खोडता येत नाही, म्हणून तिच्याखाली सविस्तर नवी नोंद केली आणि चूक कुणाची, तेही लिहिलं. दार ठोठावणं म्हणजे आत पाहणं नव्हे, आणि खोटं बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो असंही नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर हे मला एका सायकलवाल्याकडून शिकावं लागलं. त्याची लाज वाटते, ती वाटायलाच हवी.

मुलाची माफी मागायची राहिली होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी वारज्याला गेलो. घंटा वाजवली, तेव्हा दोन वाजून गेले होते. मुलगा बाहेर गेला असावा. आतून अण्णांचा खणखणीत आवाज आला, "चारला या."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि चार वाजेपर्यंत तिथून हललो नाही.