चढत्याची वाट

नाणेघाटातून फार पूर्वी रोमचा माल जुन्नरला चढायचा, असं म्हणतात. हौशी लोक आता माथ्यावरच्या दगडी रांजणापाशी फोटो काढतात. मला मात्र ती वाट नुसती दिसली तरी डोक्यात तिडीक जाते.

नव्वदच्या पुढचं कुठलं तरी साल होतं. माझं सासर घाटाखाली कोकणात, माहेर माथ्यावर. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण भाताच्या रोपांसाठी राबाचं शेत भाजून होईपर्यंत सासरच्यांनी मला सोडलं नाही. वडील आणि दोघे भाऊ न्यायला आले, तेव्हा कळा सुरू झाल्या होत्या. खाली रस्त्यावर मुरबाडला जाणारी जीप उभी होती. तिथं दवाखाना होता. वडील म्हणाले, "पहिली खेप हाय. लोक काय म्हणतील?" भावांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली, मला खांद्यावर घेतलं आणि घाट चढायला लागले.

माथ्याजवळ वाट दोन कड्यांमधून जाते, एक लादलेला बैल मावेल एवढीच. तिथं वरून वाजतगाजत वऱ्हाड उतरत आलं. घाटाचा नियम असा की चढत्या ओझ्याला उतरत्यानं वाट द्यायची. आणि लग्नाचा नियम असा की निघालेला नवरदेव माघारी फिरत नाही.

"मागं सरा, पोरगी अडलीया!" वडील ओरडले.

"तुमीच खाली सरा, पावणं," नवरदेवाचा मामा म्हणाला. "नवरदेव फिरवायचा व्हय?"

"चढत्याची वाट हाय ही!"

मामानं वडिलांना छातीवर ढकललं. भावांनी मला पायरीवर ठेवलं. ठेवलं कसलं, टाकलंच. झोळीतला बांबू उपसून थोरल्यानं तो मामाच्या टाळक्यात घातला. रक्त माझ्या पातळावर उडालं. मग काठ्या चालल्या, दगड चालले. धाकट्याची बोटं ठेचली, कुणाचा तरी दात माझ्या शेजारी येऊन पडला. बांबू मोडला तरी हाणामारी थांबेना. "आरं, मला न्या!" मी ओरडत होते. माझ्यासाठी भांडणाऱ्या एकालाही ते ऐकू गेलं नाही.

नवरदेवाच्या आईनं वऱ्हाडातल्या बायकांना लग्नाचा अंतरपाट माझ्याभोवती धरायला लावला. मुलगी झाली. त्या माउलीनं तिची पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ती रडलीच नाही. माझा रक्तस्राव थांबेना.

तेव्हा नवरदेवानं बाशिंग काढून आईच्या हातात दिलं, मला पाठीवर घेतलं आणि आल्या वाटेनं वर चालू लागला. "फिरू नगं रं!" रक्ताळल्या तोंडानं मामा ओरडत होता. माथ्यावर गाडी मिळाली, जुन्नरच्या दवाखान्यात मी वाचले.

वडील म्हातारे झाले तरी ओट्यावर बसून पाहुण्यांना रंगवून सांगायचे, "त्येंची टाळकी फुटली, पर आमी वाट सोडली न्हाई." ऐकणारे हसायचे. एकदा मी चहा घेऊन बाहेर आले होते. कपबशा तिथंच खाली ठेवल्या.

"आबा, पुढचं सांगा की," मी म्हणाले. "त्या वाटेच्या कडेला कुणाला पुरलं, तेबी सांगा."