ढकलून चालवलेली मोटार

आमच्या घरी एक मोटार आहे. पांढरी, चार दारांची, गोल दिव्यांची. मी शाळेत असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कोरी करकरीत घेतली, तेव्हाच्या औरंगाबादहून जालन्याला स्वतः चालवत आणली आणि घरामागच्या शेडमध्ये ठेवली. ठेवली ती ठेवलीच. मोटार बनवणारी कंपनी बंद पडली, औरंगाबादचं संभाजीनगर झालं, माझे केस पिकले, पण सीटवरचं प्लॅस्टिक काही निघालं नाही.

अण्णांचं नवीन जालना भागात बियाण्याचं दुकान होतं. मंठ्याच्या अलीकडे आमचं शेत आहे, तिथे ते कापसाचं बियाणं तयार करून घ्यायचे. आठवड्यातून एक चक्कर तरी ठरलेली. मोटार घेतली होती ती याच रस्त्यासाठी, आणि अण्णा जायचे एसटीनं. आई विचारायची, "मोटारीनं कधी जायचं शेतात?" अण्णा म्हणायचे, "रस्ता चांगला होऊ दे, मंग काढू. या खड्ड्यांत तिचं वाटोळं करायचं का?" आई त्या गाडीत एकदाच बसली, औरंगाबादहून येताना, मांडीवर नारळ घेऊन. ती वारली तोवरही रस्ता अण्णांच्या मनासारखा झाला नव्हता.

गाडी एका जागी उभी राहिली की टायर बसतात, एवढं मात्र अण्णांना मान्य होतं. म्हणून दर अमावास्येला आम्ही ती ढकलायचो. घराला दोन फाटकं आहेत. पुढच्या फाटकातून बाहेर काढायची, गल्लीला पूर्ण वळसा घालायचा आणि मागच्या फाटकातून आत घ्यायची. एकाच फाटकात पुढेमागे केली असती तर काम चुटकीसरशी झालं असतं. पण अण्णांचा हुकूम होता, "गाडी मागं न्यायची न्हाई. लक्ष्मी हाय ती." मग अण्णा चपला बाहेर काढून अनवाणी स्टिअरिंगवर बसायचे आणि शेजारीपाजारी, दुकानातले हमाल आणि मी मागून जोर लावायचो. दसऱ्याला हाच सोहळा झेंडूचा हार घालून आणि चाकाखाली लिंबू ठेवून. माझं लग्न गावातच झालं, त्यामुळे माझी यातून कधी सुटका झाली नाही. चाक फिरलं की मीटरही फिरतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. औरंगाबादचा तो एक प्रवास सोडला तर मीटरवरचे बाकी सगळे किलोमीटर आमच्या खांद्यांचे आहेत.

गेल्या वर्षी पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन गृहस्थ गाडी बघायला आले. मीटर पाहून त्यांनी गाडीला हात जोडले. म्हणाले, "इतकी कमी चाललेली गाडी मी आजवर पाहिली नाही. आता हिला एक किलोमीटरही चालवू नका." ढकलण्याची हकिकत सांगायला मी तोंड उघडलं, तर अण्णांनी डोळे वटारले. पाहुणे गेल्यावर त्यांनी ढकलणंही बंद केलं. गाडी विटांवर चढवली आणि वर नवी ताडपत्री टाकली.

त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना काचबिंदू झाल्याचं सांगितलं. कडेची नजर गेली होती. नळीतून बघावं तेवढं समोरचं उरलं होतं, तेही औषधानं टिकेल तितकंच. अण्णांनी फक्त विचारलं, "पेपर वाचता येईल ना?" परत येताना रिक्षात मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. मंठ्याचा रस्ता कधीच चकाचक झाला होता आणि आमची मोटार विटांवर बसली होती. आईचं राहिलं ते राहिलं. अण्णांचं मी राहू देणार नव्हते. येत्या दसऱ्याला, समोरचं दिसतंय तोवर, त्यांना त्यांच्या गाडीच्या काचेतून त्यांचं शेत दाखवायचं, हे मी रिक्षातच ठरवून टाकलं.

"दसऱ्याला मोटारीनं शेतात जायचं, अण्णा."

"येडी झाली का? तो पुण्याचा माणूस काय बोलला, इसरली?"

"रस्ता चांगला झालाय."

 मग अण्णा म्हणाले, "बॅटरी न्हाई तिला." मी बॅटरी आणली. "ब्रेकचं रबर सडलं आसंल." मी मिस्त्रींना बोलावून सगळं रबर बदलून घेतलं. "कागद संपले तिचे." मी आरटीओत खेटे घातले आणि कागद नवे करून आणले. टायर झाले, ऑइल झालं. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. माझ्या हाताला त्याची सवय नव्हती, तर विटांवरच्या गाडीत रोज बसून मी तोही हात बसवून घेतला. कारणं संपत आली तसे अण्णा चिडत गेले.

"इतकी वर्षं जपली ती काय आता खराब करायला?"

"अण्णा, मुदत संपलेलं बियाणं तुम्ही कधी कुणाला विकलं?"

"कसं इकीन? उगवलं न्हाई तर शेतकऱ्याचं साल जातंय."

"मग तुमचं साल का घालवताय?"

त्यानंतर दसऱ्यापर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

दसऱ्याला सकाळी गाडी विटांवरून उतरवली, हार घातला, लिंबू ठेवलं. मग मी कात्री घेतली आणि पुढच्या दोन्ही सीटचं प्लॅस्टिक कापायला लागले. त्या कराकरा आवाजानं अण्णा बाहेर आले.

"हे काय करून राह्यली?"

"बसायला जागा करतेय."

ते तसेच आत गेले. आता सगळं फिसकटलं असं मला वाटलं. थोड्या वेळानं ते धुतलेली टोपी आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. गाडीच्या दाराशी चपला काढल्या, पेपरात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटवर बसले.

गल्लीतली माणसं सवयीनं मागे जाऊन वाकली होती. मी किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली आणि त्यांच्या हातांखालून निघून गेली. मागचं फाटक आलं, तिथे मी वळले नाही.

रस्ताभर अण्णांचे कान टवकारलेले. "कसला आवाज येऊन राह्यला?" "वाऱ्याचा." "मीटर किती झाला?" "तुम्ही समोर बघा." एक ट्रक अगदी जवळून गेला तेव्हा त्यांनी चपला छातीशी धरल्या.

"आपलं शेत आलं का?" त्यांनी विचारलं. शेत आलं होतं. त्यांच्या डाव्या हाताला लागूनच होतं, आणि ते सरळ समोर बघत होते.  मी गाडी मातीच्या वाटेवर घेतली, हळूच वळवून तिचं तोंड बरोबर शेताकडे केलं आणि थांबवली. समोर कापूस फुटला होता. बायका वेचत होत्या. अण्णांनी उपरण्याच्या टोकानं काच आतून पुसली आणि बराच वेळ बघत राहिले.

"वेचणी लागली की."

"हो."

"तुझ्या आईला आणायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," मी म्हणाले. त्यांची समजूत घालावी असं मला वाटलं नाही.

वाट अरुंद होती, पुढे वळायला जागा नव्हती. "अण्णा, आता गाडी मागं घ्यावी लागेल." त्यांनी मान डोलावली. मी रिव्हर्स टाकला आणि आमची लक्ष्मी पहिल्यांदाच मागे गेली.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मी जालन्याकडे वळू लागले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"इकडनं नको. परतूरवरून घे."

"लांब पडतं, अण्णा."

"पडू दे," ते म्हणाले. मग त्यांनी मांडीवरचा पेपर सोडला, चपला खाली ठेवल्या आणि पायात घातल्या.